धाकट्याचा पहिला डाव

सोलापूरच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर शहाबादी फरशी होती. त्यांपैकी एका फरशीवर आजोबांनी छिन्नीने आडव्या-उभ्या रेघा कोरून चौसष्ट घरे पाडली होती. एकाआड एक घर कोळशाने काळे केले, की बुद्धिबळाचा पट तयार होई. आई रोज सकाळी ओसरी धुऊन काढी व कोळसा वाहून जाई. मग ती बत्तीस घरे पुन्हा काळी करण्याचे काम आम्हां मुलांकडे येई. आजोबा गिरणीत कामाला होते. मोहरे म्हणून ते मोडक्या बॉबिनांचे कापलेले तुकडे वापरीत. सर्वांत उंच तुकडा राजा, त्याहून किंचित ठेंगणा तो वजीर, ज्याच्या माथ्यावर खाच पाडली आहे तो घोडा. परक्या माणसाला त्यांतले काहीच ओळखता येत नसे. आम्हांला मात्र अंधारातही हाताने चाचपून हत्ती कोणता व उंट कोणता हे सांगता येई.

संध्याकाळी त्या फरशीभोवती शेजारीपाजारी जमत. आमच्या गल्लीत तेलुगू बोलणारी विणकर मंडळी होती, कन्नड बोलणारे व्यापारी होते, उर्दू बोलणारे एक शिंपीकाका होते. आजोबा म्हणत 'बुद्धिबळ', विणकर म्हणत 'चदरंगम', व्यापारी म्हणत 'चदुरंग' आणि शिंपीकाका म्हणत 'शतरंज'. पुढे महाविद्यालयात गेल्यावर मला कळले, की यांतील शेवटची तिन्ही नावे एकाच 'चतुरंग' या संस्कृत शब्दापासून निघालेली आहेत. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगे : हत्ती, घोडे, रथ व पायदळ. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त या खेळाचा उल्लेख आढळतो. भारतातून हा खेळ इराणात गेला, तेथून अरबांकडे व त्यांच्यामार्फत युरोपात पोहोचला. वाटेत मोहऱ्यांची नावे बदलली. आपला वजीर तिकडे राणी झाला, उंटाच्या जागी धर्मगुरू आला आणि हत्तीचा चक्क किल्ला झाला! 'शह' हा शब्द मात्र जगभर फिरून पुन्हा आपल्याकडेच आहे. इराणी भाषेत 'शाह' म्हणजे राजा. राजा हतबल झाला, तो 'शाह मात'.

आजोबांचा खेळ देशी पद्धतीचा होता. त्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जाई आणि राजाला एकदाच घोड्याप्रमाणे उडी मारण्याची मुभा असे. प्याद्याने केलेली मात आजोबांना सर्वांत मोलाची वाटे. वजिराने मात करणाऱ्याला ते नुसते "बरे खेळलास" म्हणत. प्याद्याने मात करणाऱ्याला गूळ-शेंगदाणे मिळत.

हे सारे सांगण्याचे कारण निराळेच आहे. तुमच्यापैकी पुष्कळांना आज बुद्धिबळ खेळता येत असेल. तुमच्या घरी किंवा शेजारी पाच-सहा वर्षांचे एखादे भावंड असेल आणि "मलाही शिकव ना!" असा हट्ट ते केव्हा तरी धरीलच. तेव्हा काय करावे, यासंबंधी मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्या सांगण्याचा अधिकार मला माझ्या यशाने मिळालेला नाही. मी स्वतः हे काम एकदा फार वाईट रीतीने केले होते.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता. सोलापूर जिल्ह्यात विहिरींनी तळ गाठला होता. त्याच वर्षी आइसलँडमधील रेकयाविक या शहरी अमेरिकेचा बॉबी फिशर व रशियाचा बोरिस स्पास्की यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना झाला आणि १ सप्टेंबरला फिशर जगज्जेता ठरला. वर्तमानपत्रांत त्या सामन्याच्या बातम्या येत. त्या वाचून मी अगदी भारावून गेलो होतो. आपणही फिशर व्हावे, असे मला वाटे. पण फिशर व्हावयाचे तर हरवायला कोणी तरी हवे! आजोबा मला हरवीत. मग मी माझ्या सहा वर्षांच्या धाकट्या भावाला हाताशी धरले.

एका दुपारी मी त्याला सहाही प्रकारच्या मोहऱ्यांच्या चाली एका दमात सांगितल्या आणि लगेच डाव मांडला. चौथ्या खेळीला मात! दुसरा डाव, पुन्हा चौथ्या खेळीला मात. ती युक्ती तुम्हांला ठाऊक असेल. वजीर व उंट या दोघांनी मिळून राजाच्या उंटापुढील प्याद्यावर नेम धरावयाचा. त्या प्याद्याला सुरुवातीस एकट्या राजाचाच आधार असतो, म्हणून ते मारून वजीर आत शिरला, की राजाला पळायला जागा उरत नाही. ही युक्ती मी त्याला सांगितली नाही; तीच तर माझी दौलत होती. दिवाळीच्या सुटीत मी त्याला रोज हरवीत असे आणि वहीत माझ्या विजयांच्या रेघा ओढीत असे. सातव्या की आठव्या दिवशी त्याने दोन्ही हातांनी बॉबिनांचे तुकडे ओसरीखाली भिरकावले व तो रडत आत गेला. मी आईकडे तक्रार केली, की हा रडीचा डाव खेळतो. त्यानंतर तो बुद्धिबळाच्या पटाजवळ कधी बसला नाही. पुढे तो चांगला शिकला, बँकेत अधिकारी झाला, हिशेबात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण घरात पट मांडला, की तो काही तरी निमित्त काढून बाहेर जाई.

माझा आदर्श असलेल्या फिशरला हा खेळ कोणी शिकवला, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी ओशाळलो असतो. १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षांच्या बॉबीची अकरा वर्षांची बहीण जोन हिने गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानातून बुद्धिबळाचा एक संच आणला. त्यासोबत आलेल्या कागदावरील नियम वाचून ती दोघे भावंडे हा खेळ शिकली. म्हणजे पुढे जगज्जेता झालेल्या त्या मुलाच्या पहिल्या डावात समोर बसलेली मुलगी तुमच्याच वयाची होती. जोनला पुढे या खेळाची गोडी राहिली नाही. मग बॉबी एकटाच पटाच्या या बाजूने व त्या बाजूने खेळत बसे. परंतु पहिल्या दिवशी जोनने त्याला नकोसे केले असते, तर तो एकटा तरी कशाला खेळत बसला असता?

आता मूळ विषयाकडे वळू. लहान मुलाला पूर्ण डाव शिकवण्याची घाई करू नये. बत्तीस मोहरे व सहा निरनिराळ्या चाली एकदम पुढे आल्या, की मोठी माणसेसुद्धा गोंधळतात. प्रथम रिकामा पट पुढे घ्यावा. पट कसा ठेवावयाचा, तर प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर आले पाहिजे. उभ्या ओळी, आडव्या ओळी व तिरक्या ओळी बोटाने दाखवाव्या. तिरकी ओळ ओळखणे लहान मुलांना अवघड जाते. ती बोट फिरवताना हमखास शेजारच्या ओळीत शिरतात. "एकाच रंगाच्या घरांवरून चाल, रंग सोडू नकोस," असे सांगितले म्हणजे त्यांना ते साधते.

यानंतर फक्त प्यादी मांडावी. प्रत्येकाची आठ प्यादी, दुसरे काही नाही. ज्याचे प्यादे पहिल्याने पलीकडच्या टोकास पोहोचेल तो जिंकला. दोघांचीही प्यादी समोरासमोर अडून बसली तर डाव बरोबरीत. या खेळाला आमच्या घरी 'प्याद्यांची लढाई' म्हणतात. प्यादे दिसायला गरीब. पण त्याची चाल सर्वांत चमत्कारिक आहे. ते चालते सरळ आणि मारते तिरके. पहिल्या खेळीला दोन घरे जाऊ शकते, नंतर एकेकच. बाकीचे सर्व मोहरे मागे फिरू शकतात, प्याद्याला मात्र माघार ठाऊक नाही. मुलाला याच गोष्टी समजायला वेळ लागतो, म्हणून आरंभ येथूनच करावा. आठ-दहा लढाया झाल्या, की एखादे प्यादे पुढे सरकवण्यापूर्वी मूल थांबू लागते. ते डोके किंचित तिरके करून समोरच्या प्याद्यांकडे पाहते. ते थांबणे दिसले, म्हणजे आपण निम्मे काम केले असे समजावे. कारण चाली पाठ होणे ही गोष्ट सोपी आहे. खेळण्यापूर्वी दुसऱ्याचा विचार करणे ही अवघड आहे.

मग एकेक मोहरा वाढवावा. हत्ती सर्वांत सोपा, कारण तो सरळ चालतो. येथे एक गंमत दाखवता येते. रिकाम्या पटावर हत्ती कोणत्याही घरात ठेवा, तो नेहमी चौदाच घरांवर जाऊ शकतो. आडव्या ओळीतील सात व उभ्या ओळीतील सात. कोपऱ्यात ठेवा, मध्यावर ठेवा, चौदाच! उंटाचे तसे नाही. उंट कडेला असला तर त्याला सात घरे मिळतात, ऐन मध्यावर आला तर तेरा. शिवाय पांढऱ्या घरातील उंट जन्मभर पांढऱ्याच घरांतून फिरतो. वजीर म्हणजे हत्ती व उंट यांची जोडगोळी. मध्यावर उभा असला तर तो सत्तावीस घरांवर धाक ठेवतो. हे आकडे पाठ करावयाचे नसतात. धाकट्याने स्वतः बोट ठेवून घरे मोजली पाहिजेत. मोजताना मध्यावरच्या मोहऱ्याचे बळ त्याचे त्यालाच कळते.

घोड्याची चाल शिकवताना मात्र घाई झाली, की सारे बिघडते. घोडा अडीच घरे चालतो, असे आपण म्हणतो. पण सहा वर्षांच्या मुलाला अर्धे घर कोठून दिसणार? मी असे सांगतो : दोन घरे सरळ, मग एक घर बाजूला. आणि एक खूण सांगतो. घोडा पांढऱ्या घरातून निघाला तर काळ्यातच उतरतो, काळ्यातून निघाला तर पांढऱ्यात. रंग बदलला नाही तर चाल चुकली. त्यानंतर पटावर पाच-सहा शेंगदाणे ठेवावे आणि एकटा घोडा धाकट्याच्या हाती द्यावा. घोडा ज्या घरात उतरेल तेथला शेंगदाणा धाकट्याचा. सोलापुरात शेंगदाण्यांना तोटा नाही. कमीत कमी उड्यांत सर्व शेंगदाणे कोण खातो, याची पैज लावली तर दुपार कशी गेली हे कळतही नाही. तुम्ही स्वतः एक कोडे सोडवून पाहा. घोडा आहे त्याच्या लगतच्या पुढील घरात न्यावयाचा तर किती उड्या लागतात? एक नव्हे, दोन नव्हे, तीन! रंग बदलण्याची खूण आठवली तर दोन उड्यांत ते का जमणार नाही, हे तुमच्या ध्यानात येईल.

राजाविषयी एक गोष्ट आरंभीच बजावून सांगावी. राजा मारला जात नाही. त्याला शह बसतो, आणि शहातून सुटण्याचा मार्ग उरला नाही, की डाव संपतो. शहातून सुटण्याचे मार्ग तीनच : राजाने सरकावे, मध्ये आपला मोहरा घालावा किंवा शह देणाऱ्या मोहऱ्याला मारावे. घोड्याचा शह असेल तर मधला मार्ग बंद, कारण घोडा उडी मारून येतो. त्याच्या वाटेत उभे राहता येत नाही. शह नाही, पण खेळण्याजोगी एकही खेळी नाही, असा प्रसंग आला तर डाव बरोबरीत सुटतो. नवख्या मुलांचा यावर विश्वास बसत नाही. आपल्यापाशी वजीर आहे, समोर एकटा राजा आहे, आणि तरी डाव बरोबरीत? एकदा तसे घडू द्यावे. सांगून जे पटत नाही, ते घडल्यावर पटते.

एकट्या राजावर दोन हत्तींनी मात कशी करावी, हे पूर्ण डावाच्या आधी शिकवावे. एका हत्तीने एक आडवी ओळ रोखून धरावयाची व दुसऱ्याने पुढल्या ओळीवरून शह द्यावयाचा. राजा एक पायरी मागे हटतो. मग पहिल्या हत्तीने त्याच्याही पुढल्या ओळीवरून शह द्यावयाचा. राजा हत्तीच्या अंगाशी आला तर हत्तीला त्याच ओळीतून दूरच्या टोकाला न्यावे व पुन्हा तेच सुरू करावे. असे पायरीपायरीने ढकलीत राजाला पटाच्या कडेपर्यंत नेले, की मात! ज्या मुलाने आपल्या हाताने एकदा अशी मात केली, त्याला डाव कशासाठी खेळावयाचा ते उमगते. मी माझ्या भावाला हे शिकवलेच नाही. त्या बिचाऱ्याने आठ दिवस केवळ मात होताना पाहिली. मात करण्याचे सुख त्याला एकदाही मिळाले नाही.

आता तुम्ही विचाराल, की धाकट्याला बरे वाटावे म्हणून मुद्दाम हरावे काय? माझे मत विचाराल तर मुळीच नाही. लहान मुले फार चाणाक्ष असतात. दादाने वजीर उगाच मरायला ठेवला, हे त्यांना कळते आणि मग जिंकल्याचा आनंदही त्यांना खोटा वाटू लागतो. याहून चांगला उपाय जुन्या खेळाडूंनी करून ठेवला आहे. तो म्हणजे आपले मोहरे उतरवून खेळणे. पहिल्या डावात आपला वजीर व दोन्ही हत्ती पटाबाहेर ठेवावे आणि मग मनापासून, नेटाने खेळावे. धाकट्याने लागोपाठ दोन डाव जिंकले, की एक हत्ती परत घ्यावा. आणखी दोन जिंकले, की दुसरा. किती मोहरे बाहेर आहेत हे त्याला डोळ्यांनी दिसते, म्हणून आपण किती पुढे आलो हेही त्याचे त्यालाच दिसते. ज्या दिवशी तो तुम्हांला "आज वजीरसुद्धा ठेव," असे म्हणेल, त्या दिवशी मात्र सावध होऊन बसा.

दुसरी एक रीत मला फार आवडते. डाव अगदी एकतर्फी झाला, धाकट्याचा चेहरा पडू लागला, की पट फिरवावा. त्याची हरती बाजू आपण घ्यावी व आपली जिंकती बाजू त्याला द्यावी. आता जिंकून दाखव! यात दोघांचाही फायदा आहे. त्याला जिंकत आलेला डाव पुरा करण्याची सवय लागते, आणि बुडत्या डावातून मार्ग काढण्याची सवय तुम्हांला लागते. यांतली दुसरी सवय अधिक कठीण.

चौथ्या खेळीच्या मातीची युक्ती धाकट्यावर चालवू नका. ती त्याला उघड करून सांगा आणि तिच्यातून सुटावे कसे तेही सांगा. वजीर लवकर बाहेर आलेला दिसला, की तो कोणत्या प्याद्याकडे पाहतो आहे ते शोधावे व त्या प्याद्याला राजाखेरीज आणखी एक आधार द्यावा, किंवा वजिराची वाट अडवावी. एवढे त्याला कळले, की शाळेत त्याला कोणी त्या युक्तीने फसवू शकणार नाही. उलट फसवायला आलेल्याचा वजीरच पळता पळता पुरेवाट होतो.

मोहऱ्यांचे मोल सांगताना प्यादे एक धरावे. त्या मानाने घोडा व उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. राजाला मोल नाही, कारण तो गेला की सगळेच गेले. बाजारात गेल्यावर पाच रुपयांची वस्तू नऊ रुपयांना घ्यावी का, असे विचारले म्हणजे वजीर देऊन हत्ती घेण्यातील तोटा मुलांना पटकन समजतो. तरी पण हा हिशेब त्यांच्या मनावर फार ठसवू नये. मोलाचा मोहरा देऊनही डाव जिंकता येतो, हे त्यांना पुढे कळावयाचे असते.

खेळताना बोलावे कसे, हेही महत्त्वाचे आहे. "अरे वेड्या, तुझा घोडा मेला ना!" असे ओरडणे सोपे असते. त्याऐवजी "मी आत्ता जी खेळी केली ती कशासाठी केली असेल?" असा प्रश्न विचारावा आणि गप्प बसावे. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर पायाने ठेका धरू नये, खिडकीबाहेर पाहून सुस्कारे टाकू नयेत. पहिल्या महिन्यात केलेली खेळी मागे घेऊ द्यावी. पुढे मात्र 'हात लावला तो मोहरा हलवावा' हा नियम दोघांनीही पाळावा. दोघांनीही म्हणजे तुम्हीसुद्धा! धाकट्यापुरता एक नियम व आपल्यापुरता दुसरा, हे मुलांना लगेच दिसते आणि ते ती विसरत नाहीत. पंधरा-वीस मिनिटे झाली, की "आणखी एक डाव" असे ती म्हणत असतानाच उठावे. कंटाळा येईपर्यंत खेळवले, तर उद्या बोलवावे लागते. हौस शिल्लक असताना उठवले, तर उद्या ती स्वतः पट घेऊन येतात.

घरातल्या घरात हा खेळ किती वर जाऊ शकतो, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. मुंबईच्या खाडिलकर घराण्यातील वासंती, जयश्री व रोहिणी या तीन सख्ख्या बहिणी. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली, १९७५ सालची जयश्रीने, आणि १९७६ साली अवघ्या तेरा वर्षांची रोहिणी विजेती झाली. त्याच वर्षी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरली. मुलीने पुरुषांबरोबर खेळावे का, यावरून वाद माजला. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. १९८१ साली रोहिणी आशियाई विजेती झाली. एका घरात तिघी बहिणी खेळणाऱ्या असल्या, की सरावासाठी कोणाला बोलवावे लागत नाही, हे खरे. पण मला त्यांतले अधिक मोलाचे वाटते ते हे, की एकीच्या विजयाने दुसरीचा पट मिटला नाही.

आपल्या शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर होऊन गेले. नूतन बुद्धिबळ मंडळात त्यांनी कितीतरी पिढ्यांतील मुलामुलींना हा खेळ शिकवला. स्वतः विजेतेपदे मिळवण्यापेक्षा दुसऱ्यांना खेळते करण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, अशा माणसांची नावे तक्त्यांत येत नाहीत. तरी तक्त्यांतील नावांमागे तीच असतात.

आणि अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे नागपूरच्या दिव्या देशमुखची. तिची मोठी बहीण बॅडमिंटन शिकावयास जाई. दिव्या तेव्हा जेमतेम पाच वर्षांची; तिच्या हाती बुद्धिबळाचे मोहरे आले. जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिच्यासमोर आंध्र प्रदेशची कोनेरू हंपी होती. हंपी २००२ साली, म्हणजे दिव्याच्या जन्माच्याही तीन वर्षे आधी, ग्रँडमास्टर झालेली. नेहमीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, आणि मग झालेल्या जलद डावांत एकोणीस वर्षांची दिव्या जिंकली. त्या विजयाने तीही ग्रँडमास्टर झाली. प्रत्येक मूल काही बातुमीला जाणार नाही, आणि जावे असेही नाही. संध्याकाळी दोन भावंडांनी न भांडता तासभर समोरासमोर बसावे, एवढे झाले तरी पुष्कळ झाले, असे मला वाटते.

आमच्या घरी सध्या माझा बारा वर्षांचा नातू आपल्या सहा वर्षांच्या बहिणीला शिकवतो आहे. ओसरी व ती फरशी आता राहिली नाही. पुठ्ठ्याचा पट व लाकडी मोहरे आहेत. प्याद्यांच्या लढाया संपून घोड्यापर्यंत त्यांची मजल गेली आहे. यंदाच्या जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला होता. नंदीध्वजांची मिरवणूक पाहून दुपारी आम्ही घरी आलो. नातू बाहेर गेला होता व नातीला खेळायला कोणी नव्हते. ती प्यादी मांडून माझ्या भावापुढे बसली.

"धाकटे आजोबा, पांढरी तुमची. फक्त प्यादी आहेत, घाबरू नका."

भाऊ माझ्याकडे पाहून म्हणाला, "अण्णा, ही तर वेगळेच काही शिकवते आहे."

"तिच्या दादाने शिकवले आहे तसे ती शिकवते," मी म्हणालो.

तो उठून जाईल असे मला वाटले. पण त्याने चष्मा पुसला, मांडी घातली आणि कडेचे एक प्यादे एक घर पुढे सरकवले. नातीने त्याला सांगितले, की पहिल्या खेळीला दोन घरे जाता येते. हवे असेल तर ही खेळी मागे घ्या. त्याने ती मागे घेतली. पहिली लढाई ती जिंकली, दुसरी बरोबरीत सुटली. तिसरीच्या वेळी प्यादे पुढे ढकलण्यापूर्वी तो बराच वेळ हात आवरून पटाकडे पाहत राहिला. मी चहा सांगण्यासाठी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा नात त्याला घोड्याची चाल समजावून देत होती व पटावर शेंगदाणे मांडलेले होते.